डॉक्टर टोलमनांचं मत

माझी थोरली बहीण लोव्हिना डॉक्टरांना दिली तेव्हा आमच्या आईनं सगळ्या बेथेल लँडिंग गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "माणूस शिकलेला आहे ते ठीक, पण खेचरावर बसून लग्नाला कोण येतं?"

डॉक्टर अल्व्हा टोलमन खेचरावर बसूनच आले होते. व्हरमाँटहून ओहायो नदीच्या काठापर्यंत ते त्याच जनावरावर आले आणि पुढं आयुष्यभर त्यांनी घोडा घेतला नाही. घोड्याला रस्ता दाखवावा लागतो, खेचर आपलं आपण शहाणं असतं, असं त्यांचं म्हणणं. बारीक अंगाचे, लांब मानेचे. डोक्यावरची टोपी नेहमी मागं सरकलेली. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरून नाडी बघायची त्यांना खोड होती. चर्चमधून बाहेर पडताना पाद्रीबाबांनी हात मिळवायला पुढं केला तर डॉक्टर तो हातात धरून मोजत उभे राहायचे. लोक हसायचे. पण इलिनॉयच्या त्या दक्षिण टोकाला, दलदलीच्या आणि हिवतापाच्या मुलखात, असा डॉक्टर मिळणं म्हणजे भाग्य होतं हे सगळे जाणून होते.

गावात आल्यावर त्यांच्या हातून पहिलं बाळंतपण झालं ते गिरणीवाल्या जेफ्था रस्कच्या घरी. इलेक्टाला, म्हणजे जेफ्थाच्या बायकोला, मुलगी झाली. पर्मेलिया. जेफ्था गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेसारखा रुंद आणि टणक माणूस, पण मुलीला हातात घेऊन तो असा रडला की डॉक्टरांनी त्याचीही नाडी बघितली.

"माझी कशाला बघतोस?" जेफ्था म्हणाला.

"बाई ठणठणीत आहे, पोर ठणठणीत आहे. या घरात मला काळजी वाटावी असा तूच एक उरलास," डॉक्टर म्हणाले.

तिथून दोघांची दोस्ती जमली. संध्याकाळी गिरणीचं चाक थांबलं की दोघं पिठाच्या पोत्यांवर बसून जगाचं भलं कसं व्हावं यावर भांडायचे. पर्मेलिया रांगायला लागली ती त्यांच्या पायांतून. चालायला लागल्यावर ती डॉक्टरांची पिशवी ओढत आमच्या घरापर्यंत यायची. लोव्हिनाला मूल झालं नाही. पर्मेलियाचं आमच्याकडे जेवण ठरलेलं असे, आणि तिला आवडते म्हणून मक्याच्या भाकरीवर काकवी जास्त पडत असे.

मग पटकीचं वर्ष आलं. आगबोटीतून आली ती. न्यू ऑर्लिन्सकडून आलेल्या बोटीनं दोन आजारी खलाशी धक्क्यावर उतरवले आणि निघून गेली. त्यानंतर आमच्या गावात सुतार प्रेतांच्या पेट्या करायचा थांबलाच नाही. डॉक्टर घरोघरी फिरत होते. लोक आपल्या सख्ख्या माणसाजवळ जायला धजत नव्हते. तेव्हा दोनच माणसं डॉक्टरांबरोबर आत शिरायची. डॉर्कस बेल आणि तिचा नवरा प्रायमस. काळी माणसं, स्वतःची सुटका मिळवून नदी ओलांडून आलेली. ती गावाचे कपडे धुवायची, तो धक्क्यावर हमाली करायचा. डॉर्कसनं लोकांची अंगं पुसली, घाण काढली, तोंडात पाणी घातलं. पर्मेलिया आजारी पडली तेव्हा इलेक्टाही अंथरुणावर होती. डॉर्कस त्या घरात राहिली आणि पोरगी उठून बसेपर्यंत हलली नाही.

आमची लोव्हिना सकाळी चूल पेटवताना वाकली आणि पुन्हा सरळ झाली नाही. डॉक्टर नदीच्या वरच्या अंगाला कुणाच्या तरी घरी होते. मी माणूस धाडला, पण डॉक्टर पोचेपर्यंत संपलं होतं. डॉर्कसनंच तिला न्हाऊ घातलं. डॉक्टर दारात उभे राहिले, त्यांनी लोव्हिनाचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मी म्हटलं, "डॉक्टर, आता काय बघता?" त्यांनी ते मनगट अलगद खाली ठेवलं. पुरून आल्यावर पिशवी उचलून पुढच्या घरी गेले.

त्यानंतर मी त्यांचं घर सांभाळायला राहिले. मी लग्न केलं नव्हतं, आणि करीन असं कुणाला वाटतही नव्हतं.

राजकारणात त्यांना ओढलं जेफ्थानं. डॉक्टर रोज एकच गोष्ट घोकायचे. आजारी माणसं असलेली बोट धक्क्याला लागूच द्यायची नाही, आधी तपासायची, असा कायदा हवा. जेफ्था एक दिवस वैतागून म्हणाला, "अरे बाबा, मला सांगून काय होणार? मी काय स्प्रिंगफील्डला विधिमंडळात बसतो? तू जा तिथं आणि त्यांची डोकी खा!"

"मला कोण मत देणार?"

"ज्यांना तू जन्माला घातलंस ते अजून लहान आहेत, पण त्यांच्या बापांना आठवण आहे."

जेफ्था स्वतः गाडी जोडून शेतोशेती फिरला. डुकरं भाजली, व्हिस्कीचं पिंप फोडलं. भाषण म्हणाल तर डॉक्टरांना अजिबात जमत नव्हतं. ओंडक्यावर उभे राहून ते घशात अडकल्यासारखं बोलत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, मोठ्यानं! का स्वतःचंच औषध घेऊन आलाय?" डॉक्टरांनी टोपी मागं सारली आणि म्हणाले, "टॉबियास, तुझा आवाज ओळखला. मागच्या आठवड्यात जीभ दाखवायला आलास तेव्हा इतकी चालत नव्हती." लोक गडगडून हसले. तेवढ्या एका वाक्यावर ते निवडून आले असं जेफ्था नेहमी सांगायचा.

पहिल्या हिवाळ्यात बोटींचा कायदा पुढं ढकलला गेला. दुसऱ्या हिवाळ्यात डॉक्टर पुन्हा जायला निघाले तेव्हा वर्तमानपत्रात दुसऱ्याच कायद्याची चर्चा होती. बाहेरून येणाऱ्या काळ्या माणसानं आमच्या राज्यात राहायचं नाही. राहिला तर दंड, आणि दंड भरता आला नाही तर कोर्टाच्या पायरीवर त्याची मजुरी लिलावात काढायची. आमच्या भागातले बहुतेक लोक केंटकी आणि टेनेसीकडून, गुलामगिरीच्या मुलखातून आलेले. त्यांना हा कायदा इतका सरळ वाटत होता की त्यावर कुणी वादही घालत नव्हतं.

डॉर्कस इस्त्रीचे कपडे घेऊन आली. तिची मुलगी सॅब्रा अजून नदीपलीकडे केंटकीत गुलाम होती. तिची म्हातारी मालकीण मरायला टेकलेली, आणि आपल्यामागे सॅब्राला मोकळं करायचं असं तिनं सांगून ठेवलेलं. गावात सगळ्यांना ते माहीत होतं.

"डॉक्टर, तो कायदा होणार म्हणतात," डॉर्कस म्हणाली.

"होणार, डॉर्कसबाई. खोटं कशाला सांगू?"

"मग माझी पोर सुटून जाणार कुठं?"

तिनं घड्या केलेले सदरे टेबलावर ठेवले. वरच्या सदऱ्याची कॉलर उगाचच पुन्हा सरळ केली आणि गेली. तिनं काही मागितलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं गावात लोक वेगळं बोलले.

त्याच दिवशी जेफ्था निरोप द्यायला आला. जाताना सहज म्हणाला, "त्या काळ्यांच्या कायद्यावर हो म्हणून मोकळा हो. तुझ्या एका मतानं होणार नाही की अडणार नाही. पण इथं लोक बघतायत."

"बघू," डॉक्टर म्हणाले.

"बघू काय? अल्व्हा, मी दारोदार फिरून तुझ्यासाठी शब्द टाकलाय."

स्प्रिंगफील्डला काय झालं ते डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. मतासाठी एकेकाचं नाव पुकारत होते, आणि प्रत्येकजण बसल्या जागेवरून हो म्हणत होता, दुकानात साखर मागावी तसा. त्यांचं नाव आलं. "हल्डा, माझ्या तोंडात हो तयार होता," ते म्हणाले. "जेफ्थाची शपथ, तयार होता. आणि मला डॉर्कसचे हात दिसले. लोव्हिनाच्या केसांतून फणी फिरवणारे." ते नाही म्हणाले. आणखी काहीजणही नाही म्हणाले. कायदा व्हायचा तो झालाच.

ते परत आले तेव्हा धक्क्यावर नेहमीसारखी माणसं होती, पण एकानंही टोपीला हात लावला नाही. त्यांच्या आधी वर्तमानपत्र पोचलं होतं. टॉबियासनं थुंकून विचारलं, "काय डॉक्टर, सासर बदललं वाटतं, काळ्यांकडं?" दुसऱ्या दिवशी खेचराची शेपटी कुणीतरी मुळापासून कापली होती. आठवड्याभरात दारावरची थाप बंद झाली. लोक खालच्या गावातल्या डॉक्टर स्पेरीला बोलवायला लागले. तो कुठल्याही दुखण्यावर आधी रक्त काढायचा आणि मग दुखणं विचारायचा.

जेफ्था आला तो फाटकातच उभा राहिला. मी कॉफी टाकते म्हटलं, तर त्यानं ऐकलंच नाही.

"मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस तू."

"जेफ्था, तुझी पोरगी जगली ती कुणाच्या हातांनी?"

"तिचे उपकार मी कधी नाकारले? तिला पीठ फुकट देतो मी आजही!"

"पीठ तिला मिळतंय. पोर मिळू दे, एवढंच म्हणालो मी."

"एवढंच? माझ्या गिरणीवर आज दोन गाड्या आल्या. दोन! लोक लांबच्या गिरणीवर जातायत. म्हणतात, जेफ्था रस्कनंच हे काळ्यांचं पिल्लू निवडून दिलं. तू तिकडं एक शब्द बोललास आणि मोकळा झालास. मी इथं रोज ऐकतोय." मग आवाज उतरवून म्हणाला, "मला आधी सांगायचंस तरी. मित्र होतो ना मी?"

यावर मात्र डॉक्टरांची मान खाली गेली. "सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पण तुझ्याशी बोललो असतो तर तू मला वळवलं असतंस."

जेफ्था गेला. गिरणीचं चाक संध्याकाळी थांबायचं, डॉक्टर खिडकीशी बसून तो आवाज बंद होताना ऐकायचे, आणि उठायचे नाहीत.

पर्मेलियाचं लग्न त्याआधीच झालं होतं, नॅथन नावाच्या भल्या पोराशी. माहेरीच गिरणीच्या घरात राहत होती दोघं. तिला दिवस गेले. एकदा दुकानाबाहेर मला भेटली आणि आजूबाजूला न बघता मोठ्यानं म्हणाली, "हल्डामावशी, डॉक्टरांना सांग, माझं बाळंतपण त्यांनीच करायचं. बाबांना मी बघून घेते."

ऑक्टोबरात तिला कळा लागल्या. जेफ्थानं नॅथनला डॉक्टर स्पेरीला आणायला धाडलं. स्पेरी कुठल्याशा लांबच्या घरी गेलेला, लवकर सापडेना. एक दिवस गेला, दुसरा उजाडला. सकाळी शेजारची बाई कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "मूल आडवं आहे गं. पोरगी डॉक्टरांचं नाव घेतेय आणि जेफ्था ऐकत नाही."

डॉक्टरांनी पिशवी उचलली. मी मागोमाग गेले. भर उन्हात आम्ही रस्त्यानं चाललो होतो आणि दुकानातली माणसं एकेक करून बाहेर येऊन आमच्यामागं चालायला लागली. टॉबियासही त्यांच्यात होता.

जेफ्था दारात उभा होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"परत जा, अल्व्हा."

"मूल फिरवावं लागेल. मला येतं ते. मी तोंडातून शब्द काढणार नाही, काम करीन आणि मागच्या दारानं जाईन."

"स्पेरी येतोय."

"स्पेरी येईल तेव्हा उशीर झालेला असेल. जेफ्था, ती जन्मली तेव्हा पहिल्यांदा मी धरलंय तिला."

जेफ्थाचा हात चौकटीवरून खाली आला. खरं सांगते, मी बघितलं. तो बाजूला होणार होता. पण त्याची नजर डॉक्टरांच्या खांद्यावरून मागं गेली, त्या उभ्या असलेल्या माणसांकडे. त्यांच्यातल्या कुणी त्याला अडवलं नाही, धमकावलं नाही. ते नुसते बघत होते. आणि त्याचा हात पुन्हा चौकटीवर गेला.

"माझ्या घरात नाही," तो म्हणाला.

डॉक्टर घराला वळसा घालून खिडकीखाली गेले आणि ओरडून सांगायला लागले, "इलेक्टा! तिला गुडघ्यांवर आणि कोपरांवर ठेव! डोकं खाली! कळ आली तरी जोर करू देऊ नकोस! पर्मेलिया, ऐकतेस ना पोरी? धाप टाक, कुत्र्यासारखी धाप टाक!" आतून तिचा आवाज आला. काय म्हणाली ते कळलं नाही. मग जेफ्थानं आत जाऊन खिडकी लावली.

डॉक्टर तिथंच गवतात बसून राहिले. ऊन कलायला लागलं. बघणारे कंटाळून एकेक करून निघून गेले. शेवटी मागचं दार उघडलं आणि इलेक्टा बाहेर आली. तिचे केस सुटले होते. तिच्यामागं जेफ्था आडवा आला तर तिनं त्याला दोन्ही हातांनी असं ढकललं की तो मोठा माणूस भिंतीवर आपटला. "या," ती डॉक्टरांना म्हणाली.

मी दिवा धरायला आत होते. डॉक्टरांनी बाही वर केली. मूल फिरलं. मुलगी होती, निळी पडलेली, आणि डॉक्टरांनी तिच्या तोंडात फुंकर घातल्यावर ती मांजरीसारखी रडली. पर्मेलियानं डोळे उघडले. "तुम्ही आलात," ती म्हणाली, आणि थोडी हसली. तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. रक्त थांबेना. डॉक्टरांनी जे जे येत होतं ते सगळं केलं. काळोख पडायच्या आत ती गेली.

डॉक्टर बाहेर आले. जेफ्था पायरीवर बसला होता. डॉक्टर त्याच्याजवळ वाकले. जेफ्थानं मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "तू हात लावेपर्यंत जिवंत होती माझी पोर."

गावानं तेच उचललं. टोलमननं सूड घेतला म्हणाले. दफनाला डॉक्टर गेले नाहीत. इलेक्टानं तिथं सगळ्यांसमोर सांगितलं, "तिला डॉक्टरांनी मारलं नाही. ज्यांनी त्यांना दाराबाहेर उभं केलं त्यांनी मारलं." त्यानंतर तिनं नवऱ्याला जेवायला वाढलं, कपडे शिवले, पण त्याच्याशी ती बोलली नाही. अनेक वर्षं.

डॉक्टर दिवसचे दिवस खुर्चीत बसून असत. एकदा मला म्हणाले, "हल्डा, माझ्या नाहीनं कायदा अडला नाही. अडली ती पोरगी."

"म्हणजे मत चुकलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. चुकलो म्हणून रडलो असतो आणि झोपलो असतो." हाताच्या पंजाकडे बघत ते म्हणाले, "उद्या पुन्हा नाव पुकारलं तर पुन्हा नाहीच म्हणेन मी. ती मरणार हे माहीत असून? तेवढं मला सांगता येत नाही. रोज विचारतो स्वतःला."

पुढच्या निवडणुकीत त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. वसंतात सॅब्राची मालकीण वारली आणि पोरगी सुटून नदी ओलांडून आईकडे आली. चुगली करायला कुणीतरी असतंच. दंडासाठी कोर्टाचा माणूस यायच्या आत डॉर्कस आणि प्रायमसनं धुण्याची कढई तिथंच चुलाण्यावर सोडली आणि लेकीला घेऊन कॅनडाची वाट धरली. डॉक्टरांनी गाडी मागून आणली, शेपूट तुटलेलं खेचर जुंपलं आणि त्यांना पुष्कळ लांबपर्यंत पोचवलं. तीन माणसं आईबाप आणि लेक म्हणून एकत्र बसलेली त्यांनी बघितली, तेवढंच त्या मताचं फळ म्हणायचं तर म्हणा. पण तेही मतामुळं झालं नव्हतं. ते डॉक्टरही जाणत होते.

"आपण व्हरमाँटला जाऊ या," मी किती वेळा म्हटलं.

"इथं निम्मं गाव मी जन्माला घातलंय. कुणाला काही झालं तर?"

हळूहळू बोटीवरचे खलाशी यायला लागले, मग लांबच्या शेतांवरची माणसं. गावातली आलीच तर मागच्या दारानं यायची. डॉक्टर त्यांना कधी टोचून बोलले नाहीत. पण आता ते कुणाची थट्टाही करत नसत.

पर्मेलियाची मुलगी इलेक्टानं वाढवली. तिलाही आईचंच नाव ठेवलं होतं. ती बोलायला लागली, धावायला लागली, आणि एका हिवाळ्यात घटसर्पानं तिचा घसा धरला. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. इलेक्टानं तिला शालीत गुंडाळलं आणि भर दुपारी, दुकानासमोरून, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत आमच्या पुढच्या दारात आणलं. तिच्यामागं काही अंतरावर जेफ्था होता. तो फाटकापर्यंत आला. आत आला नाही.

डॉक्टरांनी पोरीला मांडीवर घेऊन वाफ दिली, औषध घातलं, बोट घालून घशातला पडदा काढला. तिला ओकारी झाली आणि मग ती नीट श्वास घ्यायला लागली. ते तिला उचलून स्वतः फाटकापाशी गेले. बर्फ पडत होतं. जेफ्थाच्या टोपीवर आणि खांद्यांवर साचलं होतं.

"वाचली," डॉक्टर म्हणाले.

जेफ्थानं नातीला घेतलं. त्याचे ओठ हलले. डॉक्टर वाट बघत उभे राहिले, अंगात कोट नसताना. मग जेफ्था वळला आणि पोरीला कवटाळून चालायला लागला. डॉक्टर आत आले आणि चुलीकडे पाठ करून बसले. "काहीतरी बोलणार होता तो," एवढंच म्हणाले.

तेव्हा लागलेली सर्दी त्यांच्या छातीत उतरली. त्यांनी स्वतःची नाडी बघितली आणि मला सांगितलं, पाद्रीबाबांना उद्या बोलाव, परवा नको. लोव्हिनाशेजारी त्यांना पुरलं. मी, इलेक्टा, ती लहान मुलगी, काही खलाशी. गावातले आणखी काही आले, ते कुंपणाजवळ थांबले.

जेफ्था त्यांच्यात नव्हता. तो आला पुढच्या उन्हाळ्यात, माझ्या दारात पिठाचं पोतं घेऊन. मी मागवलेलं नव्हतं. खूप वाळला होता. पोतं खाली ठेवून तो टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"हल्डा, शेवटी शेवटी तो माझ्याबद्दल काही बोलला का गं?"

मला वाटलं, सांगावं काहीतरी. माफ केलं म्हणाले, आठवण काढली म्हणाले. एका शब्दानं म्हाताऱ्याला उतार पडला असता. पण ज्या माणसाबद्दल तो विचारत होता त्याच्या नावावर खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

"तू काहीतरी बोलणार होतास असं त्यांना वाटलं होतं," मी म्हटलं. "फाटकापाशी, त्या दिवशी."

जेफ्थानं फाटकाकडे बघितलं. मग तिथंच पोत्यावर बसला आणि तोंड टोपीत घातलं. मी आत जाऊन कॉफी टाकली. बाहेर आणली तेव्हाही तो तसाच होता. मी कप त्याच्याजवळ पायरीवर ठेवला आणि शेजारी बसले, कारण त्याला एकट्याला सोडणं डॉक्टरांना आवडलं नसतं.